कशाची उंची, कुठून मोजलेली?

२०१८ च्या उन्हाळ्यात मी आमच्या गावाचा एक नकाशा तयार केला. आमचे गाव कृष्णेच्या काठी, सांगलीच्या थोडे वरच्या अंगाला. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने सगळ्या जगाला फुकट दिलेले जमिनीच्या उंचीचे आकडे मी उतरवून घेतले आणि क्यूजीआयएस या, तीही फुकटच मिळणाऱ्या, संगणकप्रणालीत घातले. सखल भाग निळा, मधला हिरवा, उंच भाग तांबूस असे रंग भरले. २००५ च्या पुराचे पाणी कुठवर आले होते हे चार ठिकाणी विचारून त्यावर एक तुटक रेषा ओढली. त्याची मोठी रंगीत प्रत चावडीत लागली. मी भूगोलाचा पदवीधर नाही आणि सर्वेक्षणाचाही नाही. जे शिकलो ते पुस्तके वाचून आणि चुका करून. त्यामुळे चावडीच्या भिंतीवर आपले नाव पाहून छाती जरा फुगली होती, हे कबूल करतो.

गल्लीतल्या आप्पांनी तो नकाशा बराच वेळ न्याहाळला. मग विचारले, "आमचं घर कुठं हाय ह्यात?" मी बोट ठेवले. घर तांबूस रंगात होते, पूररेषेपेक्षा तीन मीटर उंच.

"पर पाच सालाला तर पायरीला लागलं हुतं की रं पाणी."

"आप्पा, माणसाच्या आठवणीत पाणी वाढतं," मी हसून म्हणालो. "तुमच्या घराला अजून दहा फूट अंतर आहे."

पायरीला पाणी लागलेले घर पूररेषेपेक्षा तीन मीटर उंच कसे असेल, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. पडला नाही. आकडा उपग्रहावरून आला होता आणि पायरी आप्पांच्या तोंडून आली होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आप्पांनी धान्य माळ्यावर चढवले नाही. पाणी घरात कमरेच्या वर आले. माणसे सुखरूप निघाली. ज्वारीची पोती, सुनेचे शिलाईयंत्र, नातवंडांची दप्तरे गेली. आप्पा त्याबद्दल मला एका शब्दानेही बोलले नाहीत. चावडीतला नकाशा मात्र पुराबरोबर आपोआपच गेला होता, आणि मी तो पुन्हा लावला नाही.

तो तीन मीटरांचा आकडा आला कुठून, हे त्यानंतर मी मुळापासून वाचायला घेतले.

ही उंची मोजली ती खरे तर उपग्रहानेसुद्धा नव्हे, अंतराळयानाने. ११ फेब्रुवारी २००० रोजी एन्डेव्हर हे यान सहा अंतराळवीरांना घेऊन निघाले आणि अकरा दिवस पृथ्वीभोवती सुमारे २३३ किलोमीटर उंचीवरून फिरले. या मोहिमेचे आद्याक्षरी नाव एसआरटीएम. यानाच्या पोटात एक रडार होते आणि ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना. पोटातल्या रडारने लहर सोडायची, जमिनीवर आपटून आलेला तिचा प्रतिध्वनी दोन्ही अँटेनांनी ऐकायचा. दोघांमध्ये साठ मीटरांचे अंतर असल्याने एकाच ठिकाणचा प्रतिध्वनी दोघांकडे किंचित वेगळ्या क्षणी पोचतो. त्या किंचित फरकावरून तो कोणत्या कोनातून आला हे कळते, लागलेल्या वेळावरून किती लांबून आला हे कळते, आणि कोन व अंतर मिळाले की उंची काढणे ही शाळेतली त्रिकोणमिती. या पद्धतीने उत्तरेला ६० अक्षांशांपासून दक्षिणेला ५६ अक्षांशांपर्यंतची, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजून झाली. शेकडो वर्षांत साखळ्या ओढून जे जमले नव्हते ते अकरा दिवसांत झाले. या कामाची थोरवी मी पुढे जे लिहिणार आहे त्याने कमी होत नाही.

अडचण कोनाची आहे. अवकाशात साठ मीटरांचा दांडा पुढे काढला की तो थोडा तरी डुलणारच. आपण कोन अंश, कला, विकला असा मोजतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग. दांड्याच्या कलण्यात एवढ्या एका विकलेची चूक झाली, तर तीनएकशे किलोमीटर तिरप्या अंतरावरच्या जमिनीच्या उंचीत सुमारे एक मीटरची चूक होते. मग दांडा नेमका किती कलला होता हे कळायचे कसे? त्यासाठी शास्त्रज्ञांनी समुद्राचा आधार घेतला. यान जमिनीवर येण्याआधी आणि जमीन ओलांडून गेल्यावर थोडा थोडा समुद्रही टिपत असे. समुद्राच्या पृष्ठभागाची उंची माहीत असते. तिथे रडारने वेगळे काही दाखवले, तर चूक रडारची. ही गोष्ट वाचली तेव्हा मी वहीत तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. का, ते पुढे येईलच.

एसआरटीएमच्या आकड्यांत पृथ्वी एकेका विकलेच्या चौकटींत विभागली आहे. आमच्याकडे अशी एक चौकट साधारण तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद भरते. म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. एवढ्या जागेला उंचीचा एकच आकडा, आणि तोही पूर्ण मीटरांत. ५४१ किंवा ५४२, मधले काही नाही. नऊ गुंठ्यांत आमच्या गावी काय काय मावते ते सांगतो: आप्पांचा माळवदाचा जुना वाडा, त्यामागचे परसू, परसातल्या दोन जुन्या चिंचा, गोठा, आणि शेजारच्या दोन घरांचे अर्धे-अर्धे भाग. या सगळ्यांवर आपटून आलेल्या प्रतिध्वनींची गोळाबेरीज म्हणजे तो आकडा. त्या मोहिमेच्या मुख्य रडारची लहर ५.६ सेंटिमीटरांची. एवढी छोटी लहर दाट पाल्यातून सरळ जमिनीपर्यंत पोचत नाही. बरीचशी वरच्या नि मधल्या फांद्यांवरूनच परत फिरते. छपरातून तर ती जातच नाही. आप्पांचे घर तांबूस झाले ते चिंचांमुळे आणि माळवदामुळे. जोते होते तिथेच होते.

आणि ऊस. फेब्रुवारी हा आमच्याकडे ऐन हंगामाचा महिना. कारखान्यांची धुराडी पेटलेली, टोळ्या फडात उतरलेल्या, एका शेतात दहा फूट ऊस उभा आणि बांधापलीकडच्या शेतात नुसती पाचट. रडारला उभ्या उसाचा फड म्हणजे थोडी उंच जमीन. आज कृष्णाकाठचा जो 'उंचीचा नकाशा' आपण संगणकावर उघडतो, त्यात २००० सालच्या फेब्रुवारीतल्या त्या अकरा दिवसांत कुणाचा ऊस गेला होता आणि कुणाचा तोडणीच्या वाटेकडे डोळे लावून उभा होता, याचीही अस्पष्ट नोंद मिसळून गेली आहे. ती वेगळी काढता येत नाही, कारण रडारची स्वतःची खरखर तेवढ्याच मापाची आहे.

डोंगरात दुखणे वेगळे. सह्याद्रीचा कडा सरळ तुटलेला असेल तर रडारच्या तिरप्या नजरेला कड्यामागचे काही दिसत नाही, किंवा कड्याचा माथा आणि पायथा यांचे प्रतिध्वनी एकत्रच येऊन पोचतात. अशा जागी मूळ आकड्यांत चक्क भोके पडली होती. ती नंतर इतर नकाशांवरून बुजवली गेली. अरुंद शिखरांचे टोकही तीस मीटरांच्या सरासरीत झिजते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर हे आपण शाळेपासून पाठ केले आहे. या आकड्यांत शिखराच्या चौकटीची उंची काढून पाहाल तर आई थोडी बुटकी भेटेल. तरी डोंगरात याने फारसे बिघडत नाही. ओढा कुठून कुठे वाहतो, पाणलोट केवढा, गावतळे कुठल्या घळीत बांधावे हे ठरवायला हे आकडे उत्तम आहेत. मी स्वतः त्यांवर विसंबून कामे केली आहेत आणि ती फसलेली नाहीत. जिथे दोनशे मीटरांचा चढ आहे तिथे पाच मीटरांची चूक कोण विचारतो? नदीकाठच्या सपाटीवर मात्र अख्ख्या गावाचा चढउतार मिळून पाच मीटर नसतो.

पूर ओसरल्यावर मला वाटले, आपलेही उपग्रह आहेत, त्यांना विचारू. कार्टोसॅट-१ हा भारताचा उपग्रह ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून सुटला. त्यावर दोन कॅमेरे, एक पुढे २६ अंशांनी कललेला, दुसरा मागे ५ अंशांनी. एकाच जागेची दोन कोनांतून छायाचित्रे घेऊन, आपले दोन डोळे करतात तसे, त्यांतून उंची काढायची. तिचे आकडे 'भुवन' या संकेतस्थळावर मिळतात. ते उतरवून मी एसआरटीएमच्या आकड्यांतून वजा केले आणि खुर्चीतून उठलोच. फरक साठ मीटरांहून अधिक! चिंच नाही, माळवद नाही, साठ मीटर म्हणजे वीस मजली इमारत. त्या रात्री मी दोघांपैकी एका अंतराळ संस्थेला मनातल्या मनात नापास करून टाकले. सुदैवाने कुठे लिहून पाठवले नाही.

चूक दोघांचीही नव्हती. दोघांचे शून्य वेगळे होते. उंची म्हणजे कशापासून तरी वर. समुद्रसपाटीपासून, असे आपण म्हणतो, पण सांगलीखाली समुद्र नाही. तो तिथे असता तर कुठे टेकला असता, हे कल्पनेने ठरवावे लागते. पृथ्वीच्या पोटातले वस्तुमान सगळीकडे सारखे पसरलेले नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षणही सगळीकडे सारखे नाही, आणि म्हणून हा काल्पनिक समुद्र नीट गुळगुळीत नाही. त्याला फुगवटे आहेत, खड्डे आहेत. जगातला सर्वांत मोठा खड्डा श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे, तब्बल शंभर मीटरांहून अधिक खोल. आपला सगळा द्वीपकल्प त्या खड्ड्याच्या उतारावर बसला आहे. या खडबडीत काल्पनिक समुद्राला भूजल... नव्हे, 'जिऑइड' म्हणतात (मराठी शब्दाच्या शोधात मी एकदा खरोखरच घसरलो होतो, म्हणून तसेच राहू देतो). जीपीएसच्या गणितात मात्र एक गुळगुळीत, सुबक लंबगोल धरलेला असतो. आपल्याकडे जिऑइड या लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. एसआरटीएमचे आकडे जिऑइडपासून वर मोजलेले, मी घेतलेले कार्टोसॅटचे लंबगोलापासून. म्हणून एकाच जागेच्या दोन उंच्या, आणि दोन्ही आपापल्या जागी रास्त. कोकणात समुद्राच्या वाळूत पाय बुडवून उभे असताना एखादा फोन तुमची उंची उणे साठच्याही खाली दाखवतो. तो बिघडलेला नसतो, लंबगोलावरून बोलत असतो.

जमिनीवरच्या उंच्यांचे शून्य आणखी वेगळ्या रीतीने ठरले. एकोणिसाव्या शतकात सर्व्हे ऑफ इंडियाने बंदरांवर भरती-ओहोटीची यंत्रे बसवून वर्षानुवर्षे पाण्याची पातळी नोंदवली. मुंबईचे अपोलो बंदर त्यांतलेच. १९०९ साली अशा नऊ बंदरांच्या सरासरी पातळीला शून्य धरून देशभरच्या तलमापनाचे गणित जुळवण्यात आले. लेव्हलचे यंत्र मध्ये, एक स्टाफ मागे, एक पुढे, दोघांच्या वाचनातला फरक लिहायचा, यंत्र उचलायचे, पुन्हा लावायचे. असे पावलापावलाने समुद्रापासून नागपूरपर्यंत माणसे चालत गेली. नागपूरच्या झिरो माइलपाशी १९०७ सालचा दगड आहे. त्याची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. दशांश चिन्हानंतर तीन आकडे! त्या काळचे अधिकारी साहेब होते, पण स्टाफ धरून उन्हात उभे राहिलेले खलाशी इथलेच. त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन तर १८२३ मध्ये याच कामाच्या वाटेवर आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथे आहे.

आता मुद्दा तपासणीचा. आकाशातून काढलेल्या उंच्या जमिनीशी ताडून पाहिल्याच गेल्या नाहीत, असे मुळीच नाही. एसआरटीएमचे उद्दिष्टच असे ठरले होते की, शंभरांतल्या नव्वद ठिकाणी चूक १६ मीटरांच्या आत असावी. मोहिमेनंतर वेगवेगळ्या खंडांत अचूक जीपीएस बसवलेल्या गाड्या हजारो किलोमीटर रस्त्यांवरून फिरवून पडताळा घेतला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोप-आशियात शंभरांतल्या नव्वद ठिकाणची चूक ६.२ मीटरांच्या आत निघाली, उत्तर अमेरिकेत ९ मीटरांच्या. म्हणजे कबूल केल्यापेक्षा काम कितीतरी सरस झाले होते. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडी रस्त्यावरून जाते आणि रस्त्यावर चिंचेचे झाड नसते, उभा ऊस नसतो. आणि 'शंभरांतली नव्वद' म्हणताना उरलेल्या दहांबद्दल काहीच म्हटलेले नसते. आप्पांचे घर कदाचित त्या दहांत होते.

चुकीचे दोन प्रकार असतात. हे एकदा नीट समजले की अर्धे काम झाले. एखादे घड्याळ रोज दहा मिनिटे पुढे असेल तर ते घेऊनही एसटी गाठता येते, दहा वजा करायचे की झाले. पण जे घड्याळ आज दहा मिनिटे पुढे, उद्या सात मिनिटे मागे असते, त्याला काय वजा करणार? नकाशातल्या सगळ्या उंच्या सरसकट तीन मीटर जास्त असत्या तर माझी पूररेषाही तीन मीटर वर गेली असती आणि आप्पा वाचले असते. तसे नव्हते. एका चौकटीत चूक वर, शेजारच्या चौकटीत खाली. सरासरी काढली तर छान दिसते, पण कुणी सरासरी घरात राहत नाही.

हे तपासायला जमिनीवरची खरी उंची हवी. जवळचा सरकारी बेंचमार्क शोधून तिथून लेव्हल घेत यायचे, हा राजमार्ग. माझ्याकडे ना यंत्र, ना माणसे. तेव्हा वहीतल्या त्या दोन रेघा आठवल्या. रडार तपासायला त्यांनी समुद्र वापरला होता. आमच्याकडे समुद्र नव्हता, पण ऑगस्टमध्ये तो येऊन गेला होता. पूर शिगेला पोचून दोन दिवस तुंबून राहिला, तेव्हा गावात शिरलेले पाणी संथ होते. संथ पाण्याचा पृष्ठभाग सपाट. म्हणजे त्या पाण्याने भिंतींवर सोडलेली गाळाची रेघ गावात सगळीकडे एकाच पातळीत असणार. यापेक्षा मोठी लेव्हल कुणाकडे आहे? त्या रेघेपासून खाली जमिनीपर्यंत टेप सोडायची. रेघ जितकी उंच, तितकी जमीन सखल. यंत्र नको, आकाश नको, बेंचमार्कही नको. घरांची आपापसांतली उंची मिळते आणि पुरासाठी तेवढीच हवी असते.

डिसेंबरपर्यंत मी आणि माझा पुतण्या घरोघरी हिंडलो. सोपे वाटले तेवढे नव्हते. मातीच्या भिंतीत ओल वर चढते, तिथली रेघ हात-दीड हात खोटी असू शकते. म्हणून फरशी, तैलरंग, लोखंडी दार किंवा विजेचा खांब यांवरचीच रेघ धरायची. नदीच्या वळणावर, जिथे धार होती, तिथे पाणी एका बाजूला चढते. ती चार घरे सोडून दिली. लोकांनी दिवाळीसाठी भिंती रंगवायला काढल्या होत्या, त्यामुळे कुठे कुठे आम्ही रंगाऱ्याच्या एक दिवस पुढे धावत होतो. काहींनी रेघ मुद्दाम राखली होती, तिच्याखाली साल लिहून ठेवले होते. शेवटी एका ठेकेदार मित्राकडून दोन दिवसांसाठी ऑटो लेव्हल मागून आणली आणि गावाच्या दोन टोकांच्या रेघा खरेच एका पातळीत आहेत का ते पाहिले. फरक वीतभराचाही आला नाही. तपासणीचीही तपासणी हवीच.

मग टेपचे आकडे एका बाजूला आणि एसआरटीएमचे दुसऱ्या बाजूला लिहिले. टेपनुसार नदीकडच्या आळीपासून वरच्या आळीपर्यंत जमीन एका चालीने, हळूहळू चढत जाते. गावातल्या कुठल्याही म्हातारीने हेच सांगितले असते. नकाशात मात्र तीच आळी वर-खाली उड्या मारत होती. मारुतीच्या देवळाचे पटांगण आणि त्याला लागून असलेली शाळा यांत टेपला चार बोटांचा फरक, नकाशात तीन मीटरांचा. शाळेमागे निलगिरीची रांग आहे. आप्पांचे जोते आणि समोरच्या गल्लीचा रस्ता यांत दोन पायऱ्या, म्हणजे दीड फूट. नकाशात त्यांच्यात एका मजल्याचे अंतर. काही घरे तर उलटी निघाली, नकाशात सखल आणि प्रत्यक्षात उंच. त्यांना मी २०१८ मध्ये उगाच घाबरवले होते.

नव्या नकाशांनी बरीच सुधारणा केली आहे. जर्मन उपग्रहांच्या जोडीने २०१० ते २०१५ दरम्यान मोजलेल्या आणि 'कोपर्निकस' या नावाने फुकट मिळणाऱ्या उंच्या एसआरटीएमपेक्षा स्पष्टपणे चांगल्या आहेत. सौम्य उताराच्या जमिनीवर शेजारशेजारच्या चौकटींतला फरक दोन मीटरांच्या आत बरोबर असावा, असे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यांतली झाडे आणि घरे संगणकाकडून वजा करवून घेण्याचे प्रयोगही झाले आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये सुटलेला आइससॅट-२ लेसरचे कण मोजून ओळीओळीने उंची टिपतो. त्याच्या ओळी मोकळ्या रानातून जात असतील तर नकाशा तपासायला त्या फार उपयोगी पडतात. मात्र त्या ओळी आहेत, चादर नव्हे. आमच्या गावठाणावरून मला एकही धड ओळ मिळाली नाही.

दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या मापपट्टीवर ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ मध्ये पाणी तिथे ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर. या दोन महापुरांतले अंतर चार फुटांच्या आसपास. ज्याची बरोबर उत्तरे साडेसहा फुटांच्या आत असतात, त्याला हे अंतर दिसणारच कसे?

हे फक्त माझ्या चावडीपुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. दर पावसाळ्यात आमच्याकडे अलमट्टीचा वाद पेटतो. कृष्णेवरच्या या धरणाची पूर्ण जलपातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला कृष्णा लवादाने २०१० च्या निवाड्यात संमती दिली. फरक ४.६५६ मीटरांचा. धरणाच्या फुगवट्याचा सांगलीवर परिणाम होतो की नाही, या वादात मी पडत नाही, तो जलशास्त्राचा प्रश्न आहे. पण फोनवर फिरणारे रंगीत नकाशे मी पाहिले आहेत. ५२४ च्या खालची सगळी जमीन निळी केलेली, किंवा याच्या उलट, सगळे कोरडे दाखवलेले. ते फुकटच्या आकड्यांवर बनवलेले असतात हे चौकटींवरून ओळखू येते. ज्या वादात मिलिमीटरपर्यंत आकडे लिहिले जातात, तिथे मीटरा-मीटराने चुकणारा पुरावा दोन्ही बाजू सारख्याच आत्मविश्वासाने नाचवतात.

मुंबईचेही तेच झाले, उलट्या दिशेने. ऑक्टोबर २०१९ मध्ये, आमच्या भिंतींवरच्या रेघा ओल्या असतानाच, '२०५० पर्यंत मुंबई बुडणार' अशा बातम्या झळकल्या. त्यामागचे संशोधन मी वाचले. समुद्र आधी वाटले होते त्याहून जास्त चढणार, असे त्यात म्हटलेच नव्हते. किनाऱ्यांची जमीन आधी वाटली होती त्याहून सखल आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कारण आजवर सगळे एसआरटीएम वापरत आले आणि त्यात झाडांचे शेंडे व इमारतींची छपरे जमीन म्हणून मोजली गेली. ती चूक दुरुस्त केल्यावर, आजच्या भरतीरेषेच्या खाली राहणाऱ्या माणसांचा जगातला अंदाज २ कोटी ८० लाखांवरून ११ कोटींवर गेला. समुद्र हलला नव्हता, माणसे हलली नव्हती, जमिनीचा आकडा तेवढा बदलला होता. आणि ही दुरुस्तीही मुख्यतः अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या अचूक मोजण्यांवरून संगणकाला शिकवून केलेली. कुलाब्याच्या किंवा वसईच्या गल्लीत ती किती लागू पडते, हे तिथे कुणी टेप लावल्याशिवाय ठरणार नाही.

आमच्या वहीत आता प्रत्येक घरापुढे एकच आकडा आहे, आणि तो समुद्रसपाटीपासून नाही. गावाला समुद्राशी देणेघेणे नाही. पावसाळ्यात रेडिओ, फोन, दूधवाला, सगळे एकच आकडा सांगतात: आयर्विनला किती फूट झाले. म्हणून आम्ही तेच शून्य धरले. २०१९ च्या रेघेखाली जोते जितके फूट, तितके त्या वर्षीच्या आयर्विनच्या आकड्यातून वजा. आप्पांचे जोते साडेचोपन्न फुटांना. हरिपूरच्या संगमावर वारणा किती फुगली आहे, पाणी किती वेगाने चढते आहे, यावर यात थोडे इकडेतिकडे होते. म्हणून प्रत्येक आकड्यामागे अर्धा फूट सोडून ठेवला आहे आणि तसे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागले. पन्नास ओलांडल्याचे कळले त्या संध्याकाळी मी आप्पांकडे गेलो. ते सोप्यात बसले होते.

"काय म्हणतोय तुझा उपग्रह?"

"उपग्रहाला विचारलं नाही, आप्पा. धान्य माळ्यावर चढवू या."

पोती चढवायला पुतण्या आणि त्याचे दोन मित्र आले. नवे शिलाईयंत्र आम्ही दोघांनी उचलले. त्या वर्षी पाणी आयर्विनला ५५ फुटांच्या आसपास गेले. आप्पांच्या घरात ते घोट्याएवढे आले आणि तिसऱ्या दिवशी उतरले. भिंतीवर नवी रेघ उमटली, जुन्या रेघेच्या अडीच फूट खाली. आप्पांच्या नातवाने तिच्याखाली खिळ्याने साल कोरले, मी टेप लावली आणि वहीत दुसरा रकाना पाडला.